तलावाच्या तळाशी चौकी

चंदीगडला समुद्र नाही, हे मला माहीत आहे. तरी साताऱ्याचे माझे चुलतभाऊ दर फोनवर ते नव्यानं सांगतात. "दादा, तिथं बुडायला पाणी कुठाय?" असं एकानं विचारलं की मागं सगळं घर खिदळतं आणि मी फोन बायकोच्या हातात देतो. या भानगडीत मी पडलो तो तिच्यामुळं, तेव्हा उत्तरंही तिनंच द्यावीत.

फौजेतून निवृत्त झालो आणि आम्ही मोहालीत फ्लॅट घेतला. शेवटची पोस्टिंग इथलीच, गुडघ्यांचा डॉक्टर इथला, थंडी अंगवळणी पडलेली. पुन्हा ट्रंका बांधून कुठं जायचं? मुलगी बंगळूरला असते. तिला मराठी सगळं कळतं, फक्त उत्तर हिंदीत येतं. आईच्या साठीला साडी पाठवायची सोडून तिनं इथल्या एका स्कूबा डायव्हिंग क्लबात आईचं नाव घालून टाकलं. "मम्मा, अब कुछ अपने लिए करो ना," म्हणाली. मी मनात म्हटलं, दोन रविवार. याआधी काचेवरची चित्रं झाली होती, पेटी झाली होती, गच्चीत मधमाश्या पाळायचा विचारसुद्धा होऊन गेला होता. हेही जाईल.

गेलं नाही. रविवारी सकाळी ती पिशवी खांद्याला लावून निघायची आणि मी गार पोहे खात बसायचो. शेवटी तिला आणायचं निमित्त काढून एकदा त्या तलावावर गेलो. एका शाळेचा पोहण्याचा तलाव, सकाळपुरता क्लबनं घेतलेला. काठावर ओले टॉवेल, हवेचे सिलिंडर, एका डब्यात कुणीतरी आणलेले मुळ्याचे पराठे. बायको कुठं दिसेना. तिथल्या एका पोरीला विचारलं तर तिनं बोट खाली दाखवलं. वाकून बघितलं, तर खोल टोकाला, तळाच्या फरश्यांवर, माझी बायको मांडी घालून बसली होती आणि प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीनं काहीतरी लिहीत होती. वाईच्या घाटावर गुडघाभर पाण्यापुढं कधी न गेलेली बाई! तिचे बुडबुडे एकामागून एक, अगदी सावकाश वर येत होते. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटला. पुढच्या रविवारी मीही दाखल झालो.

आमचा प्रशिक्षक म्हणजे नौदलातून निवृत्त झालेला एक सरदारजी. मी पायदळातला, तो दर्यावरचा, त्यामुळं पहिल्या दिवसापासून एकमेकांना टोमणे मारायची सोय झाली. माझ्या कमरेला शिशाची वजनं बांधताना तो म्हणाला, "फ़ौजी को डुबाने में ज़्यादा वज़न नहीं लगता." मी म्हटलं, नौदलाला बुडवायचा अनुभव असणारच. त्यावर तो पोट हलवून हसला आणि आमचं जमलं.

नोकरीच्या शेवटच्या काळात त्यानं बुडालेल्या जहाजांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांबरोबर काम केलं होतं. त्याचं म्हणणं, सिलिंडर पाठीला लावून खाली कुणीही जाईल, पण जाऊन करणार काय? मासेच बघायचे तर दवाखान्यात बसा, तिथं काचेच्या पेटीत असतात. म्हणून आमच्या क्लबात डुबकी शिकून झाली की लगेच दुसरं शिक्षण सुरू व्हायचं. बुडालेलं जहाज मोजायचं कसं, त्याचं चित्र पाटीवर उतरवायचं कसं, आणि तळावर पडलेल्या सामानावरून त्या माणसांची गोष्ट वाचायची कशी.

आता चंदीगडला जहाज कुठून आणणार? सुखना तलावात काही सापडेल का, असं मी एकदा विचारलं होतं, तर सगळ्यांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. मग सरदारजीनं एक पद्धत पाडली होती ती कळली. दर महिन्याला क्लबातल्या एकानं आपल्या घरातलं सामान गोणीत भरून आणायचं, बाकीच्यांना तलावाकडं पाठ करून बसवायचं, आणि ते सामान खोल टोकाला मांडायचं. याला आम्ही 'संसार बुडवणं' म्हणायचो. नंतर बाकीचे जोडीजोडीनं खाली जाणार. टेप लावून अंतरं मोजणार, प्लंबरकडून पाइप कापून करून घेतलेला चौकोन तळावर ठेवून त्याच्या आतलं सगळं पाटीवर काढणार. आणि वर येऊन, पराठे खाता खाता सांगणार की हे लोक कोण होते, कसे राहत होते, त्यांचं काय झालं. मोहालीच्या एका आयटीतल्या पोरानं आपला संसार बुडवला तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं, की ही जमात झोपतही नव्हती आणि स्वयंपाकही करत नव्हती. पोरगा तोंड पाडून घरी गेला.

नियम एकच. हात लावायचा नाही. वस्तू जिथं आणि जशी पडली आहे तिथं आणि तशीच राहिली पाहिजे. कप पालथा का पडला, यातच गोष्ट असते, सरदारजी सांगायचा. कप सरळ केलात की गोष्ट गेली.

इथं माझी गोची होती. उभा जन्म मी सामान ओळीत लावण्यात घालवलाय. तपासणीच्या दिवशी पलंगावर चहाचा मग कुठं, ताट कुठं, चमच्याचं तोंड कुणीकडं, बुटांची टोकं कुठल्या रेघेवर, हे आम्ही जवानांना शिकवायचो. वाकडं दिसलं की माझा हात आपोआप पुढं जातो. दुसऱ्याच्या घरी गेलो तरी आधी भिंतीवरची फ्रेम सरळ करतो, मग बसतो. आता पहिल्यांदा मोजणीला खाली गेलो तर तळावर कप, बश्या, चमचे, किटली, सगळा राडा पडलेला. मी शहाण्यासारखी अंतरं मोजली, चित्र काढलं, आणि निघता निघता, पुढच्या जोडीला सोपं पडावं म्हणून, कप उंचीप्रमाणं लावून टाकले. बश्या फरशीच्या रेघेला धरून. चमच्यांची तोंडं उत्तरेला. वर आलो तो छाती पुढं काढून.

माझ्यामागून सरदारजी खाली जाऊन आला. मास्क कपाळावर चढवला. "कर्नल साहब," तो म्हणाला, "जहाज़ डूबा था. आपने परेड करा दी."

सगळा काठ हसला. सगळ्यात जास्त माझी बायको. त्या दिवसापासून आम्ही दोघं बरोबर खाली असलो की ती माझ्या मनगटावर लक्ष ठेवून असायची आणि हात जरा पुढं गेला की चापट मारायची. पाण्यात चापट लागत नाही, पण अपमान तेवढाच होतो. वर आली की पुन्हा तेच, "अहो, हात! हात खिशात घाला." डुबकीच्या सूटला खिसे नसतात हे तिला चांगलं ठाऊक होतं.

ती मात्र या कामात तरबेज निघाली. तिचं चित्र सगळ्यात नेटकं, मापं अचूक, आणि गोष्ट वाचण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नाही. एकदा दगडी पोळपाटाच्या डाव्या अंगाला पडलेलं स्टीलचं लाटणं आणि तव्याच्या डाव्या अंगाला पडलेलं उलथणं बघून ती म्हणाली, या घरात पोळ्या करणारा डावखुरा आहे. संसार बुडवणारे एक बँकेतले गृहस्थ होते, ते लाजून लाल झाले. त्यांच्या घरी पोळ्या तेच करत होते आणि हे आजवर कुणाला माहीत नव्हतं.

मग उन्हाळ्यात बातमी आली. शनिवारी संध्याकाळी आम्ही सगळे सेक्टर सतराला कॉफी प्यायला जमतो, तिथं सरदारजीनं ती सांगितली. पश्चिम किनाऱ्यापासून थोडं आत एक जुनं मालवाहू जहाज बुडालेलं आहे. त्याच्या ओळखीचे संशोधक पावसाळ्यानंतर त्याची मोजणी करणार होते आणि त्यांनी मदतीला आमच्या क्लबातले दोघं मागितले होते. खरा समुद्र, खरं जहाज. एक जागा माझ्या बायकोची, यावर कुणी तोंडसुद्धा उघडलं नाही. दुसऱ्या जागेला आम्ही दोघं उरलो. एक मी, आणि दुसरी ती पहिल्या दिवशी बोट दाखवणारी पोरगी. ती सेक्टर सदुसष्टच्या औषधांच्या संस्थेत संशोधन करते, मूळची अमरावतीची. तिची परीक्षा सरदारजीनं लगेचच घेतली आणि तिनं एक चमचाही हलवला नाही. माझी परीक्षा पुढच्या महिन्यात ठरली.

मला जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, बायकोबरोबर जायचं होतं. लग्नानंतर कितीतरी वर्षं गाडी सुटताना मी डब्याच्या दारात आणि ती फलाटावर, असंच चाललं होतं. आता ती निघणार आणि मी हात हलवत उभा राहणार, ही कल्पनाच मला सहन होईना. मी तिला तसं सरळ सांगितलं. "मला मागं ठेवून जाऊ नकोस गं."

"मग हात आवरा," ती म्हणाली.

आणि तिनं घरातच माझं शिक्षण सुरू केलं. बैठकीतली फ्रेम तिरकी करून ठेवली. चपला दारात एक इकडं, एक तिकडं. जेवणाच्या टेबलावर चमच्यांचा ढीग ओतला. पेपरची पानं सोफाभर पसरली. कशालाही हात लावायचा नाही. मी घरात कैद्यासारखा फिरायला लागलो. फ्रेम दिसू नये म्हणून खिडकीकडं तोंड करून चहा घ्यायचो, तर समोरच्या बाल्कनीत वाळत घातलेली चादर नेमकी एका बाजूनं लोंबत असायची. एकदा पाणी प्यायला उठलो आणि परत येईपर्यंत फ्रेम सरळ झाली होती. मी केली नाही हो, हातानं केली. "केलीत ना सरळ?" स्वयंपाकघरातून आवाज आला. तिला तिकडून कसं दिसलं देव जाणे. शिक्षा म्हणून तिनं कपाटातली सगळी पुस्तकं उलटी लावली.

वसतिगृहातल्या राजम्याचा वीट आला की ती अमरावतीची पोरगी आमच्याकडं जेवायला यायची. घराचा अवतार बघून ती दारातच थबकली. "काकू, चोरी झाली का इथं?"

"नाही गं. काकांचा अभ्यास चाललाय."

"बाप्पा! काका, मी तर तुमची स्पर्धक आहो न. मले काहून दाखवून राहिले?" असं म्हणून ती आत आली आणि जाता जाता फ्रेम आणखी थोडी तिरकी करून गेली. मला तिचा राग यायला पाहिजे होता. पण ती पिठलं-भाकरी अशी काही मन लावून खायची, की राग आणायचा म्हटलं तरी येईना.

माझ्या परीक्षेसाठी संसार बुडवायची पाळी बायकोची आली. नवराबायको म्हणून ती मला सूट देईल अशी कुणाला शंका आली नाही. उलट सगळ्यांना माझीच दया आली. ती आठवडाभर माळ्यावर चढून काहीतरी शोधत होती. रविवारी गाडीच्या डिकीत आमची जुनी काळी ट्रंक दिसली तेव्हा मी विचारलं, "ट्रंक कशाला?"

"परीक्षेला बसणाऱ्यानं बोलायचं नसतं," ती म्हणाली.

तलावाकडं पाठ करून मी बसलो. मागं ट्रंक दोरानं सोडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ नुसती पाण्याची डुबुकडुबुक. मग सरदारजीनं खांद्यावर थाप मारली आणि आम्ही दोघं खाली उतरलो. तो हाताची घडी घालून माझ्या डोक्याच्या वर तरंगत राहिला, डोळे माझ्या हातांवर.

तळावर विटांच्या रांगा लावून एक खोली दाखवली होती. एका भिंतीत फट सोडलेली, म्हणजे दार. त्या दाराला आतून आडवी लावलेली ती ट्रंक, झाकण बंद. ट्रंकेवर दगडानं दाबलेली एक काठी. समोरच्या भिंतीला लागून एक चटई, कोपऱ्यांवर दगड ठेवलेले, आणि उशाला गोणपाटाची गुंडाळी अशी, की निजणाऱ्याचं तोंड दाराकडं यावं. उशापाशी टॉर्च, शिट्टी आणि गजराचं घड्याळ. दुसऱ्या भिंतीत खिडकीची फट, आणि तिच्या अगदी कडेवर चमच्यांनी भरलेला एक पत्र्याचा डबा. खोलीच्या मध्यावर एक ताट, एक वाटी आणि एक पेला. पेला आडवा पडलेला. ताट वाकडं. दोन्हींमध्ये उगाचच हातभर अंतर.

माझी बोटं शिवशिवायला लागली. मी टेप दोन्ही मुठींत घट्ट धरला. चटई मोजली, ट्रंक मोजली, खिडकीपासून उशीपर्यंत मोजलं. पेल्यापाशी आलो तेव्हा मनातल्या मनात राष्ट्रगीत म्हटलं. त्यात हात दोन्ही बाजूंना सरळ ठेवायचे असतात, त्याचा फार उपयोग झाला. वर आलो तेव्हा सरदारजीनं माझा हात धरून सगळ्यांना दाखवला. "हाथ पास!"

आता उरली गोष्ट. मी पाटी मांडीवर घेऊन काठावर बसलो. मला आतून उकळ्या फुटत होत्या, कारण सरदारजीला नाही, आयटीवाल्याला नाही, जे फक्त मलाच वाचता यावं असं काही बायकोनं खाली मांडून ठेवलं होतं.

"ही चौकी आहे," मी सुरुवात केली. "एका शिपायाची. एकटा आहे तो, ताट एक, पेला एक, चटई एक. मदत लवकर येणार नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून दार आतून अडवलंय. झोपतो तेही दाराकडं तोंड करून. खिडकीच्या कडेला चमच्यांचा डबा, म्हणजे बाहेरून हात लागला की वाजलाच पाहिजे. आम्हीही तारांना डबे टांगायचो. हे शिकवल्याशिवाय येत नाही कुणाला. टॉर्च आणि शिट्टी हाताशी. घड्याळ आहे, म्हणजे रात्री ठरल्या वेळी उठून फेरी मारत असणार. पेला तेवढा आडवा पडलाय. काहीतरी आवाज झाला असेल आणि जेवता जेवता उठला असेल." हे सगळं मी हिंदीत सांगत होतो, पण भरात आलो की मध्येच मराठीत घसरत होतो आणि ती पोरगी बाकीच्यांना समजावत होती.

"बन्दा कैसा था?" सरदारजीनं विचारलं.

"एक नंबर," मी म्हणालो. "भित्रा असता तर कधीच पळाला असता. हा टिकून राहिलाय. माझ्या हाताखाली असता तर शाबासकीसाठी मी त्याचं नाव वर पाठवलं असतं."

टाळ्या पडल्या. बायको टॉवेलनं केस पुसत होती. "मग पाठवा," ती म्हणाली.

"काय?"

"नाव. माझं. चौकी नाही हो ती, आपलं घर आहे. तुम्ही वर बर्फात पोस्टिंगला होता तेव्हाचं."

मला आधी वाटलं ती चेष्टा करतेय. मी हसलोसुद्धा. मग तिच्या तोंडाकडं बघितलं. ती हसत होती, पण चेष्टा नव्हती ती.

"छावणीच्या टोकाचं शेवटचं क्वार्टर मिळालं होतं, आठवतं का?" ती मला म्हणाली आणि पोरीकडं वळून सांगायला लागली. "शेजारचं रिकामं. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. हे गेले, आणि पहिल्याच रात्री खिडकीशी कुणीतरी खुडबुडलं. मी काठी घेऊन पहाटेपर्यंत बसून. सकाळी बघते तर माकड! माझे पापड खाऊन गेलं मेलं." पोरगी हसायला लागली, तीही हसली. "मग ठेवला खिडकीत चमच्यांचा डबा. शिकवलं कुणी नव्हतं, सुचलं ते केलं. आणि घड्याळाचं म्हणाल, तर फेरीबिरी काही नाही हो. टिकटिक असली की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं."

"आणि शिट्टी?" मी विचारलं.

"ती कधी वाजवली नाही. वाजवली असती तर सगळी छावणी जागी झाली असती. मग सकाळी सगळे म्हणाले असते, कॅप्टनसाहेबांची बायको घाबरट आहे."

कॅप्टनसाहेब म्हणजे तेव्हाचा मी. "पण फोनवर तू तर म्हणायचीस, सगळं ठीक आहे," मी म्हणालो. तेव्हा वरून लाइन मिळणं म्हणजे नशीब लागायचं, आणि मिळाली की ती हेच म्हणायची.

"मग काय म्हणायचं होतं? तुम्ही तिकडं बर्फात. आणि तुम्ही तरी काय म्हणायचात?"

मीही तेच म्हणायचो. ते तिला सांगायची गरज नव्हती.

सरदारजीनं नाक शिंकरलं आणि मला हुकूम सोडला, की सामान वर काढा, आता हाथ लगा सकते हो. मी खाली जाऊन एकेक वस्तू वर पाठवली. ट्रंक शेवटी दोरानं ओढली. काठावर तिच्या फटींतून पाणी वाहत होतं. झाकण उघडलं, तर आत माझे जुने बूट, माझे कॉलेजातले लोखंडी डंबेल्स, आणि सगळ्यात खाली माझं ताट, माझा पेला, माझी वाटी.

"हे कशाला भरलंस?"

"दाराला वजन नको? तेव्हाही हेच भरलं होतं," ती म्हणाली. "तुमचं सगळं सामान आत घालून ट्रंक दाराला लावली की मग मला झोप लागायची."

मला रडू आलं. लपवण्यासारखं काही नाही त्यात, पण तेव्हा मी लपवलं. मास्क धुवायला म्हणून नळाकडं गेलो आणि तो गरजेपेक्षा बराच जास्त धुतला.

परत आलो तेव्हा निकाल लागायचा होता. सरदारजी म्हणाला, हात पास, मापं पास, गोष्टही पास, फक्त बन्द्याच्या जागी बन्दी निकली. म्हणजे मी आणि पोरगी बरोबरीत. पाण्याखालचा जोडीदार ज्याचा त्यानं निवडायचा असतो, तेव्हा आता भाभीजींनी सांगावं. मी टॉवेल खांद्यावर टाकून तयारच होतो. एवढं सगळं झाल्यावर आणखी काय विचारायचं?

बायकोनं पोरीकडं बोट केलं. "ही येईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौघांत मी ट्रंक उचलून डिकीत ठेवली. मोहालीपर्यंत कसंबसं आवरलं. पण घराजवळच्या सिग्नलला गाडी थांबली आणि मी फुटलो. "एवढं सगळं ऐकवलंस आणि वर मलाच मागं ठेवतेस? सूड उगवतेस का माझ्यावर?"

"सूड कसला डोंबलाचा!" ती म्हणाली. "तुम्ही बरोबर असलात की मी खाली तुमच्याकडंच बघत बसते. हवा किती उरली, हात कुठं गेला, वर नीट येताय की नाही. जन्मभर तेच केलं. मला एकदा जहाज बघायचंय हो. नुसतं जहाज."

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न मारला, मग त्याच्या मागच्यानंही. मी हॉर्न मारणाऱ्यांना खिडकीतून चार शब्द सुनावले.

मी काही दिवस फुगून बसलो. मग पाऊस सरला आणि त्यांची निघायची वेळ आली, तेव्हा बायकोची बॅग मीच भरली, कारण ती कसंही कोंबते. विमानतळावर दोघींना सोडलं. पोरगी म्हणाली, "काका, टेन्शन घेऊ नका, मी आहो न." बायको आत जाताना एकदा वळली, मी हात हलवला, आणि ती दिसेनाशी झाली तरी तसाच उभा राहिलो. एका शिपायानं येऊन विचारलं, "अंकलजी, किसी को लेने आए हो?"

घर मी तासाभरात सरळ केलं. मग करायला काही उरलं नाही. टीव्ही लावला, बंद केला. शेजाऱ्यांनी जेवायला बोलावलं तर डाएटचं कारण सांगितलं. दोन दिवस तिचे नुसते मेसेज येत होते, पोचलो, वारा आहे, उद्या उतरणार. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला.

तिला धाप लागली होती, एवढं सांगायचं होतं. जहाज म्हणजे नुसता सांगाडा उरलाय, बॉयलरमध्ये हा एवढा मासा राहतो, हाकलला तरी जात नाही. दोरखंडाचं वेटोळं झालंय दगडासारखं, पण पीळ दिसतो अजून. आणि कौलं! पोटात कौलं भरलेली होती, ती अजून जशी लावली तशीच उभी आहेत, ओळीनं. "तुमच्यासारखाच कुणीतरी असणार लावणारा," ती म्हणाली. "मी चित्र काढलंय सगळ्याचं. साहेब लोक म्हणाले, फार सुंदर झालंय." मी हूं हूं करत होतो. तिचा असा आवाज मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता, आणि मला मनापासून आनंद झाला होता.

मग ती थांबली. "माझंच चाललंय मघापासून. तुमचं कसं आहे?"

सगळं ठीक आहे, हे शब्द ओठांवर आलेच होते.

"करमत नाही," मी म्हणालो.

पलीकडं वारा घोंघावत होता. मला वाटलं तिला ऐकूच गेलं नाही.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

"करमत नाही गं. झोप लागत नाही. लवकर ये."